सीमोल्लंघन आणि सुलूख

आज विजयादशमी. घरोघरी शस्त्रांच्या जागी वह्या-पुस्तके आणि यंत्रे पुजली जात असली, तरी आपट्याचे पान हाती देऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची रीत अजून टिकून आहे, आणि वेशीबाहेर शिलंगणास जाण्याची चालही पुष्कळ गावांनी सोडलेली नाही. पेशवाईत मात्र हा नुसता सण नव्हता. लष्करी वर्षाचे ते पहिले पान होते. पाऊस सरला, नद्यांना उतार पडला, घोड्यांस चारा झाला, की दसऱ्याच्या मुहूर्तावर डेरे गावाबाहेर पडत आणि फौजा मुलुखगिरीस निघत. पुढचा मृग लागण्यापूर्वी छावणीस यावयाचे किंवा परमुलुखीच छावणी करावयाची, असा हा आठ महिन्यांचा हिशेब असे. म्हणूनच दसऱ्यास आपल्याला सीमा ओलांडणारे वीर आठवतात. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज सांगावयास घेतले आहे, त्याने नर्मदा, चंबळा आणि यमुना ओलांडल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याने एक सीमा स्वतः आखूनही दिली, आणि ती आखताना मराठ्यांनी रक्त सांडून मिळविलेला मुलूख शत्रूकडे राहू दिला, याची आठवण सणाच्या दिवशी सहसा निघत नाही. ती काढावी असे आम्हांस वाटते.

महादजी शिंदे हे सातारा प्रांतीच्या कण्हेरखेडच्या राणोजींचे पुत्र. जन्म १७३० च्या सुमारास. ज्या घराण्याचे कुलदैवत जोतिबा आणि ज्याचा व्यवसाय तलवार, त्या घराण्यात लहानपण किती दिवस टिकणार? थोरले बंधू जयाप्पा १७५५ साली नागोरास मारले गेले. दत्ताजींनी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडीच्या घाटावर देह ठेवला. पुतण्या जनकोजी पानिपतावर गेला. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संध्याकाळी महादजींचाही पाठलाग झाला. गुडघ्यावर वार बसला आणि ते रानात पडून राहिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे आणून वाचविले. महादजींचा पाय जन्माचा लंगडा राहिला. ते उपकार मात्र ते विसरले नाहीत. तो पखालवाला पुढे राणेखान भाई म्हणून शिंद्यांच्या फौजांचा सेनानी झाला आणि दिल्लीपर्यंत मोहिमा चालवू लागला. बीडचे सूफी सत्पुरुष मन्सूरशहा यांना गुरुस्थानी मानणारा, मथुरेस मुक्काम पडला की कृष्णभक्तीत रमणारा आणि स्वतः भक्तिपर पदे रचणारा हा सरदार होता. त्याच्या मनाची जडणघडण समजून घ्यावयाची तर पानिपतावरची ती संध्याकाळ दृष्टीआड करून चालत नाही.

त्याच रणातून आणखी एक तरुण वाचून परत आला होता. त्याचे वय तेव्हा एकोणीसही नव्हते. आईला घेऊन तो तीर्थयात्रेच्या ओढीने लष्कराबरोबर गेला होता. पळापळीत आई हरवली, ती पुन्हा दिसली नाही. हे बाळाजी जनार्दन, म्हणजेच नाना फडणीस. पुढची तेहतीस वर्षे मराठी राज्याचा गाडा ज्या दोघांच्या बळावर चालला, ते दोघेही पानिपतातून उरलेले होते. एकाच आपत्तीने दोघांस निरनिराळे धडे दिले. उत्तरेतील पत पुन्हा उभी केल्यावाचून मराठ्यांस जगात मान नाही, हे महादजींनी मनाशी बांधले. सगळे बळ एका रणांगणावर पणास लावावयाचे नाही, मित्र जोडावेत, शत्रू वाटून घ्यावेत आणि घर आधी राखावे, असा नानांचा स्वभाव बनला. कोणाचा धडा खरा, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. दोघांचेही त्यात पुष्कळ खरे होते.

शिंद्यांची सरदारकी महादजींना सहज मिळाली नाही. राणोजींच्या औरस वंशातील पुरुष रणात खर्ची पडल्यावरही दावेदार उभे राहिले, राघोबादादांचा कल दुसरीकडे होता, आणि १७६८ च्या सुमारास माधवराव पेशव्यांनी पाठबळ दिले तेव्हा ती महादजींकडे आली. त्या विश्वासाचे चीज त्यांनी लवकरच केले. १७७१ साली मराठे पुन्हा दिल्लीत शिरले आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शहाआलम मराठ्यांच्या आश्रयाने आपल्या राजधानीत आला. पानिपतास अकरा वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी माधवराव निवर्तले, पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि उत्तरेचा डाव पटावर तसाच टाकून शिंद्यांना पुण्याकडे तोंड वळवावे लागले.

आता ज्या भूमीवरून पुढचे युद्ध पेटले तिच्याकडे वळू. ठाण्याहून मुंबईस रोज लोकलगाडीने जाणाऱ्या वाचकाच्या पायाखालची ती भूमी आहे. साष्टी म्हणजे ठाणे, घोडबंदर, मरोळ, वेसावे हा सगळा टापू. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला व साष्टी पोर्तुगिजांकडून घेतली, आणि चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई जिंकून ते काम पुरे केले. वसईच्या तटाखाली किती माणसे पडली याची सल कोकणातील घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मुंबईकर इंग्रजांना मात्र साष्टी हवीच होती. ती हाती नसेल तर मुंबईचे बेट म्हणजे दाराला कडी नसलेले घर, असा त्यांचा हिशेब. पुण्यात भाऊबंदकी माजलेली पाहताच १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाणे घेतले, आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस राघोबादादांकडून साष्टी-वसई लिहून घेतली. घरातला माणूस घराचे दार लिहून देतो तेव्हा बाहेरच्याला दोष किती द्यावा? १७७६ सालचा पुरंदरचा तह कोणालाच मनापासून मानवला नाही, आणि युद्ध काही काळ झाकलेल्या निखाऱ्यासारखे राहिले.

वडगावची मोहीम मराठी युद्धनीतीचा एक नमुना म्हणून सांगावयाची. १७७८ च्या अखेरीस सुमारे ३९०० इंग्रजी पलटण राघोबांना गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढू लागली. तोफा, दारूगोळा आणि साहेबलोकांचे सामान यांसाठी बैल होते एकोणीस हजार. येवढे खटले घेऊन ही फौज दिवसाला कोस-अर्धा कोस सरकत होती. महादजींनी समोरासमोरची लढाई दिलीच नाही. हलक्या घोडेस्वारांनी दोन्ही बाजूंनी टोचण्या लावल्या, रसद तोडली, तळेगाव जाळून रिकामे केले, आणि वेळ पडल्यास पुणेही जाळण्याची तयारी ठेवली. कार्ल्याजवळ ज्याच्या शौर्याने मराठेही चकित झाले तो कॅप्टन स्टुअर्ट पडला. मावळातील लोकांनी त्याला इष्टुर फाकडा करून टाकले आणि त्याच्या थडग्यास नवस बोलले. शत्रूच्या शौर्याला देव्हारा देणारे हे लोक, असो. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावास पोचले, तो तेथे दाणा नाही, चारा नाही. पुणे एक-दोन मजलांवर असता त्यांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि ११ तारखेच्या रात्री पाय मागे घेतला. वडगावास ते पुरते वेढले गेले.

येथेच महादजींच्या मनातील सुलुखाचे रूप प्रथम दिसले. सारी फौज कापून काढणे अवघड नव्हते. पण महादजींनी तह केला: १७७३ नंतर घेतलेला मुलूख, साष्टीसुद्धा, परत द्यावा, राघोबांना हवाली करावे, बंगालहून येणारी फौज थांबवावी, आणि हमीसाठी दोन इंग्रज ओलीस ठेवावेत. त्याच बैठकीत भडोच आपल्याकडे यावे असे कलमही त्यांनी हळूच पदरात पाडून घेतले. राज्याचे काम करीत असता शिंद्यांचे काम विसरावयाचे नाही, ही त्यांची रीत. नानांच्या दृष्टीस ती पडल्यावाचून राहिली नसेल. मुंबईच्या गव्हर्नराने तह फेटाळला, सुटून गेलेली फौज पुन्हा लढावयास मोकळी झाली, आणि झाशीकडे नेले जाणारे राघोबादादा वाटेत निसटून थेट गॉडर्डला जाऊन मिळाले. हाती आलेला विजय उदारपणाने सैल सोडला, असा ठपका महादजींवर तेव्हाही आला आणि आजही येतो. आम्हांस तो सर्वस्वी अन्यायाचा वाटत नाही.

त्यानंतर नानांनी रचलेला डाव त्यांच्या सबंध कारकिर्दीतील सर्वांत मोठा होता. म्हैसूरचा हैदरअली, हैदराबादचा निजाम, नागपूरचे भोसले आणि पेशवे अशा चौघांनी एकाच वेळी चहूकडून इंग्रजांवर उठावयाचे. हैदरने कर्नाटकात, निजामाने उत्तर सरकारात, भोसल्यांनी बंगालवर आणि शिंदे-होळकरांनी गुजरातेत. नानांना हवी असलेली शांतता इंग्रजांना त्यांच्या वखारींपुरते मागे ढकलून मिळणारी होती. साष्टीचा प्रश्न त्यांच्या लेखी एका बेटाचा राहिला नव्हता. परक्याने घरातील फितुरीचा फायदा घेऊन भूमी घ्यावी आणि ती पचावी, हा पायंडा त्यांना पडू द्यावयाचा नव्हता. आणि चौघांनी मिळून शपथ घेतली तर चौघांनी मिळूनच तह करावा, एकट्याने नव्हे, हे त्या डावाचे मूळ सूत्र होते.

डाव रचला तसा वठला नाही. निजाम जागचा हलेना. भोसल्यांची फौज ओरिसात रेंगाळली आणि इंग्रजांच्या पैशाने शांत झाली. हैदर मात्र शब्दाला जागला: १७८० च्या पावसाळ्यात तो कर्नाटकात उतरला, आणि १० सप्टेंबर रोजी पोल्लिलूर येथे बेलीची फौज त्याने नामशेष केली. वॉरन हेस्टिंग्जच्या पायाखालची वाळू सरकली ती तेव्हा. इकडे गॉडर्डने फेब्रुवारीत अहमदाबाद घेतली होती, डिसेंबरात वसईही घेतली. पण १७८१ च्या आरंभी बोरघाटाने पुण्यावर येण्याचा त्याचा प्रयत्न हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी हाणून पाडला, आणि मोठी हानी सोसून तो पनवेलीकडे माघारी गेला. दक्षिणेत पाहावे तर नानांची बाजू वरचढ होती.

पण महादजींचे घर दक्षिणेत नव्हते. हेस्टिंग्जने नेमका तेथेच घाव घातला. ऑगस्ट १७८० मध्ये पॉफम नावाच्या कप्तानाने शिड्या लावून एका रात्रीत ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. अजिंक्य म्हणून ज्याची ख्याती, तो किल्ला पहाटे परक्याच्या हाती होता. गुजरात सोडून महादजींना माळव्याकडे धावावे लागले. कॅमॅकच्या पलटणीस त्यांनी सिरोंजेपासून मागे रेटीत, उपाशी ठेवीत नेले, वडगावचाच प्रयोग. परंतु २४ मार्च १७८१ च्या रात्री कॅमॅकने उलटून त्यांच्या तळावर छापा घातला, तोफा आणि हत्ती गमावले. घाटाच्या अरुंद वाटेवर जी नीती शत्रूचा गळा आवळते, ती माळव्याच्या मोकळ्या पठारावर तितकी चालत नाही, हे त्या रात्री महादजींना उमगले असावे. कवायती पायदळाची पलटण उभारण्याचे त्यांचे पुढचे सारे उद्योग येथूनच सुरू झाले, असे आम्हांस वाटते.

त्या वर्षीचा पावसाळा दोन्ही फौजांनी एकमेकांकडे पाहत काढला. दसरा उलटून गेला आणि शिलंगणाच्या ऐन हंगामात, दिवाळीच्या तोंडावर, १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी कर्नल म्यूरशी करार केला. म्यूरने यमुनेपलीकडे जावे, महादजींनी उज्जयिनीस परतावे, आणि पेशवे व इंग्रज यांच्यात सर्वसाधारण तह घडवून आणण्यास मध्यस्थी करावी, असे ठरले. ज्या दिवसांत सीमा ओलांडावयाची त्या दिवसांत हा सेनापती उभय फौजा आपापल्या सीमेत परतवीत होता.

पुढची बोलणी डेव्हिड अँडरसन याच्याशी झाली, आणि ग्वाल्हेरच्या दक्षिणेस साल्बाई या खेड्यात १७ मे १७८२ रोजी सतरा कलमांचा तह झाला. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेले सारे प्रांत परत मिळाले. वसई आली, अहमदाबाद आली. राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. त्यांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक झाली, आणि कोपरगावी १७८३ च्या डिसेंबरात ते वारले. साष्टी, घारापुरी, करंजा व आणखी एक लहान बेट मात्र इंग्रजांकडे कायम झाले. हैदरने घेतलेला मुलूख सहा महिन्यांच्या आत त्याच्याकडून सोडवावा, असेही एक कलम होते. ज्याने शब्दाला जागून शत्रूस जेरीस आणले, त्या मित्राच्या पाठीवर त्याला न विचारता ठेवलेले हे ओझे. आणि हा तह दोन्ही पक्षांकडून पाळला जाईल याचे जामीन कोण, तर महादजी शिंदे. भडोचही इंग्रजांनी वडगावच्या वागणुकीची आठवण ठेवून त्यांनाच दिले.

नानांचे मन येथे काय झाले असेल? त्यांनी तह मोडला नाही आणि मानलाही नाही. शिक्कामोर्तब तेवढे लांबणीवर टाकले. हैदरशी दरवाजा उघडा ठेवावयाचा, इंग्रजांशी लावावयाचा नाही, अशा रीतीने त्यांनी सात महिने काढले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर मरण पावला आणि त्याच महिन्यात पुण्याहून मान्यता गेली. चौघांच्या डावातला शेवटचा भिडू गेल्यावर नानांना थांबण्याजोगे काही उरले नव्हते.

या दोघांत न्याय कोणाकडे? नानांच्या शांततेत मूळ प्रश्नाचा निकाल होता. पण तो लावण्यास लागणारे चौघे कधी एकदिल झाले नाहीत, आणि नानांचे सारे गणित पुण्याच्या कचेरीतून मांडलेले होते. ग्वाल्हेर पडल्यावर माळव्यातील रयतेचे काय होते, पेंढारी आणि पलटणी यांच्या मध्ये सापडलेल्या गावांत दाणा किती उरतो, हे छावणीत राहणाऱ्यास दिसत होते. महादजींच्या शांततेत प्रश्नाचा निकाल नव्हता, उसंत होती. आणि ती उसंत वापरण्याची ताकद त्यांच्यात होती म्हणून तिला मोल आले. त्यांनी स्वार्थ पाहिला नाही असे आम्ही म्हणणार नाही. पेशव्यांचा एक सरदार या तहाने दोन राज्यांमधला जामीन झाला, आणि मालकाहून चाकराचे वजन वाढले. इंग्रजांनीही ते मुद्दाम वाढविले. पुढे १७८६ साली मॅलेट हा इंग्रज वकील थेट पुण्यात आला. तो येऊ नये, बोलणे आपल्याच मार्फत व्हावे, अशी महादजींची खटपट होती. तो आला, आणि जामीनकीची अर्धी किंमत तेथेच उतरली.

मिळालेल्या उसंतीत महादजींनी काय केले, याचा पाढा मोठा आहे. आम्ही थोडक्यात आटोपतो. १७८३ साली ग्वाल्हेर परत घेतले. १७८४ च्या अखेरीस बादशहाने वकील-इ-मुतलकी पेशव्यांस आणि त्यांच्या वतीने महादजींस दिली. द बॉयन या सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या राहिल्या. १७८७ साली लालसोटास रजपुतांपुढे डाव फसला, शिपाई सोडून गेले, दिल्ली हातची गेली. पुढच्या वर्षी गुलाम कादिराने शहाआलमचे डोळे काढले. तेव्हा राणेखान भाईंच्या फौजा दिल्लीत शिरल्या आणि आंधळ्या बादशहास त्यांनी पुन्हा तख्तावर बसविले. पानिपतावरून बैलावर घालून आणलेल्या माणसाच्या वतीने, त्याला घालून आणणाऱ्यानेच हे केले. १७९० साली पाटण व मेडता येथे रजपूत हरले. गोवधबंदीचे बादशाही फर्मानही महादजींनीच मिळविले.

१७९२ च्या जून महिन्यात ते पुण्यास आले. वकील-इ-मुतलकीची वस्त्रे तरुण सवाई माधवरावांस अर्पण करण्याचा फर्मानबाडीचा दरबार मोठ्या थाटाने झाला, आणि उत्तर हिंदुस्थानाचा हा धनी, स्वतःस पाटील म्हणविण्यात भूषण मानणारा, पेशव्यांची पायतणे उचलून घेऊन खाली बसल्याची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. नाना सावध होते. दरबारातली ही नम्रता आणि वानवडीस पडलेल्या पलटणी, दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसत होत्या. हिशेबाचे वाद, होळकरांशी बिघाड, एकमेकांविषयीचा संशय हे सारे चालूच होते. तरी दोघांनी ते तुटू दिले नाही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या मुक्कामी तापाने महादजींचा अंत झाला. छत्री तेथेच आहे.

नाना कारस्थानांतून वाट काढीत आणखी सहा वर्षे जगले. १३ मार्च १८०० रोजी तेही गेले. राघोबादादांचा मुलगा दुसरा बाजीराव तेव्हा गादीवर होता. यशवंतराव होळकरांकडून पुण्याबाहेर हार खाऊन तो पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयास गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौजेचा तह केला. तो झाला वसईस, साल्बाईने परत मिळविलेल्या वसईस. पुढच्या वर्षी युद्ध पेटले, तेव्हा पहिल्याच महिन्यात इंग्रजांनी दौलतराव शिंद्यांचे भडोच घेतले. साष्टी त्यांच्याकडे होतीच.